तळं कुणी राखायचं?

‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुतेक वेळा हसून वापरतो. ज्याच्या हाती कारभार आहे त्यानं थोडं ओरपलं तर त्यात काय एवढं, असा तिचा सूर असतो. पण म्हणीचे शब्द नीट पाहिले तर त्यात एक क्रम आहे. आधी राखणं आणि मग चाखणं. ज्यानं राखलंच नाही, त्याला चाखण्याचा हक्क ही म्हण देत नाही. आज मी अशाच एका तळ्याची हकिगत सांगणार आहे. काही श्रीमंत माणसांनी ते सात-आठ उन्हाळे मनसोक्त चाखलं, पण राखलं नाही. त्याची किंमत मात्र खालच्या अंगाला राहणाऱ्या दोन हजारांहून अधिक माणसांनी मोजली.

हकिगत अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोंगरांच्या बेचक्यात जॉन्सटाउन नावाचं गाव आहे. लिटल कॉनमॉ आणि स्टोनीक्रीक या दोन नद्यांचा तिथे संगम होतो. नद्या अरुंद, दोन्ही बाजूंना उंच डोंगर, आणि मधल्या सपाट चिंचोळ्या पट्टीवर वस्ती. १८८९ साली हे गाव आणि त्याला लागून असलेल्या वस्त्या मिळून तीस हजारांच्या आसपास लोक राहत होते. जर्मनीहून आणि वेल्सहून पोटामागे आलेली माणसं त्यात पुष्कळ होती. गावाचा पोशिंदा होता पोलादाचा कारखाना, कॅम्ब्रिया आयर्न कंपनी. आगगाडीचे रूळ तिथे तयार होत. दिवसरात्र भट्ट्या पेटलेल्या, आणि माणसं पाळ्यांमध्ये राबणारी.

गावापासून वर सुमारे २३ किलोमीटरवर, साउथ फोर्क नावाच्या ओढ्यावर मातीचं एक धरण होतं. उंची ७२ फूट, लांबी ९०० फुटांहून थोडी जास्त. त्या काळात ते मोठं मानलं जाई, पण आजच्या मानानं छोटंच. त्यात पाणी किती मावायचं, हे आपल्या हिशेबात सांगायचं तर अर्धा टीएमसी. म्हणजे पुण्याच्या खडकवासला धरणाच्या साधारण चौथा हिस्सा. पण हे तळं जॉन्सटाउनपेक्षा सुमारे ४५० फूट उंचावर होतं. खालच्या गावाच्या दृष्टीनं पाण्याच्या मापापेक्षा ही उंचीच जास्त महत्त्वाची होती.

हे धरण मुळात मौजमजेसाठी बांधलेलं नव्हतं. पेनसिल्व्हेनिया सरकारनं मालवाहतुकीसाठी कालवा काढला होता. जॉन्सटाउनहून पिट्सबर्गकडे त्यातून नावा जात. उन्हाळ्यात कालव्याचं पाणी आटे, म्हणून वर साठा करावा असं ठरलं. १८४० साली काम सुरू झालं, दोन वर्षांत पैसे संपले, काम बंद पडलं. सरकारी कामांची ही रीत सगळीकडे सारखीच. पुन्हा जोर धरून ते पुरं व्हायला १८५३ साल उजाडलं. आणि गंमत अशी की, तोवर पेनसिल्व्हेनिया रेलरोडची आगगाडी डोंगर ओलांडून पिट्सबर्गला पोचली होती. कालव्याची गरजच संपली. १८५७ साली सरकारनं कालवा, धरण, सगळं रेल्वे कंपनीला विकून टाकलं. रेल्वेला धरणाशी काय देणंघेणं? धरण असं बेवारस झालं.

इथे जरा थांबून मातीचं धरण म्हणजे काय, ते समजून घेऊ. मी कविता लिहिणारा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण यातली मुख्य गोष्ट समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणावर आपण जातो, वरून पाणी वाहत असतं, आणि आपण पायऱ्यांवर बसून भिजतो. धरणाला काही होत नाही, कारण ते दगडी बांधकाम आहे. मातीच्या धरणाचं तसं नसतं. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की ते पाणी माती कापत जातं. आधी ओघळ, मग घळ, मग भगदाड. म्हणून मातीच्या धरणाचा जीव दोन गोष्टींत असतो. एक म्हणजे सांडवा, जिथून जास्तीचं पाणी बाजूनं निघून जातं. दुसरी म्हणजे तळाशी असलेली नळाची वाट, जी उघडून तळं हवं तेव्हा खाली करता येतं. सांडवा पुरेसा रुंद आणि मोकळा पाहिजे, माथा सांडव्यापेक्षा पुरेसा उंच पाहिजे, आणि खालची वाट चालू पाहिजे. एवढं सांभाळलं तर मातीचं धरण पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आपल्याकडची किती तरी जुनी तळी याला साक्षीदार आहेत.

साउथ फोर्कचं धरण बांधणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी चिकणमातीचे थर एकावर एक दाबून बसवले होते, बाहेरून दगडांचं अस्तर दिलं होतं, कडेला खडकात सांडवा खोदला होता आणि तळाशी लोखंडाचे दोन-दोन फूट व्यासाचे पाच नळ घातले होते. बांधताना धरण चांगलं होतं. पुढे जे घडलं ते बांधणाऱ्यांच्या हातून घडलं नाही.

१८६२ साली तळाच्या त्या नळाच्या वाटेपाशी धरण खचलं आणि फुटलं. नशिबानं तळं तेव्हा निम्मंच भरलेलं होतं, फारसं नुकसान झालं नाही. कुणी दुरुस्तीही केली नाही. १८७५ साली जॉन रायली नावाच्या राजकारणी गृहस्थांनी ती जागा अडीच हजार डॉलरला घेतली. चार वर्षांनी दोन हजारांना विकली. मधल्या काळात त्यांनी ते पाच लोखंडी नळ काढून भंगारात घातले. पाचशे डॉलरचा तोटा काही अंशी भरून निघाला असेल. पण त्या दिवसापासून ते तळं खाली करण्याची वाटच उरली नाही.

नवा मालक होता बेंजामिन रफ. आधी रेल्वेचे बोगदे खोदणारा ठेकेदार, मग जमिनींचा दलाल. त्याच्या डोक्यात एक नामी कल्पना होती. पिट्सबर्ग म्हणजे त्या वेळी धुरानं काळवंडलेलं शहर. तिथल्या गिरणीवाल्यांना, खाणवाल्यांना, बँकवाल्यांना उन्हाळ्यात कुटुंबासह जायला थंड हवेचं, निवांत ठिकाण हवं होतं. रफनं धरण दुरुस्त करून तळं पुन्हा भरायचं ठरवलं आणि १८७९ साली ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ स्थापन केला. १८८१ मध्ये क्लब सुरू झाला. तळ्याकाठी ४७ खोल्यांची क्लबची इमारत उठली. तिच्या आसपास सभासदांचे सोळा बंगले बांधले गेले. त्यांना ते ‘झोपड्या’ म्हणत. तळ्यात शिडाच्या नावा आल्या, वाफेवर चालणाऱ्या छोट्या बोटी आल्या. डोंगरमाथ्यावर शिडं डोलताना पाहून खालच्या खेड्यातल्या माणसांना काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. सभासद साठ-एक होते. त्यांत पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी होते, कोळशाचे सम्राट हेन्री क्ले फ्रिक होते, पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री झालेले अँड्र्यू मेलन होते आणि पुढे अॅटर्नी जनरल झालेले फिलँडर नॉक्स होते.

आता रफनं धरण दुरुस्त कसं केलं ते पाहा. धरणातल्या जाणत्या इंजिनिअरला विचारलं नाही. भगदाडात माती, दगड, झाडांच्या फांद्या, गवत असं जे हाताशी आलं ते भरलं. काढलेले नळ परत बसवले नाहीत, कारण त्याला खर्च होता. धरणाच्या माथ्यावरून सभासदांच्या घोडागाड्या क्लबकडे जायच्या होत्या. समोरासमोर आलेल्या दोन गाड्या सुटाव्यात म्हणून रस्ता रुंद हवा, म्हणून माथा दोन-तीन फुटांनी उतरवला. तळ्यात आगगाडीनं मागवलेले मासे सोडले होते. ते सांडव्यातून वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला आडव्या लोखंडी जाळ्या बसवल्या. आणि भगदाड बुजवलेला मधला भाग हळूहळू खचत गेला. म्हणजे जिथे माथा सर्वांत उंच असायला हवा, नेमका तिथेच तो खोलगट झाला.

यातला एकेक निर्णय सुटा पाहिला तर त्यात दुष्टपणा दिसत नाही. भंगार विकणारा व्यवहार पाहत होता. रस्ता करणारा सोय पाहत होता. जाळी लावणारा मासे वाचवत होता. कुणीही खालचं गाव बुडवायला निघालं नव्हतं. पण या निर्णयांची बेरीज काय होते, हे पाहणारा कुणी नव्हता. नळ गेले म्हणून तळं उतरवता येईना, जाळ्या आल्या म्हणून सांडवा तुंबू शकला, माथा उतरला म्हणून पाण्याला वर चढायला जागा कमी उरली. धरणाचा जीव ज्या गोष्टींत होता, त्या एकेक करून काढून घेतल्या गेल्या.

खालच्या गावाला हे कळलंच नव्हतं का? कळलं होतं. कॅम्ब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली आपला जॉन फुल्टन नावाचा जाणकार माणूस वर पाठवला. फुल्टननं लेखी अहवाल दिला. तळं खाली करण्याची सोय नाही आणि दुरुस्ती तकलादू आहे, हे दोन मोठे दोष त्यानं नेमके दाखवले. मॉरेलनी तो क्लबकडे पाठवला. रफनं उत्तरात अहवालातल्या चुका काढल्या आणि तुम्हाला आमच्यापासून काही धोका नाही असं कळवलं. मॉरेल स्वस्थ बसले नाहीत. धरण नीट करायचं असेल तर आमची कंपनीही पैसे देईल, असं त्यांनी कळवलं. त्यालाही नकार आला. मग मॉरेलनी स्वतः क्लबचं सभासदत्व विकत घेतलं. आत राहून लक्ष ठेवता येईल असा त्यांचा विचार असावा. १८८५ साली मॉरेल वारले. १८८७ साली रफही वारला. इशारा देणारा गेला, इशारा झटकणारा गेला, आणि ते कागद फायलीत राहिले.

गावाचंही थोडं बोललं पाहिजे. आजूबाजूच्या डोंगरांवरची झाडं इमारतींसाठी आणि कारखान्यासाठी तोडली गेली होती. पाऊस पडला की पाणी न मुरता थेट नदीत येई. भट्ट्यांतला मळ नदीच्या काठावर टाकून टाकून पात्र अरुंद केलं होतं. जवळजवळ दर वसंतात रस्त्यांवर पाणी यायचं, लोक सामान माडीवर चढवायचे. आणि दर वेळी कुणी तरी म्हणायचं, ‘धरण फुटतंय!’ धरण फुटत नसे. मग ती थट्टाच झाली. आपल्याकडच्या ‘लांडगा आला रे आला’सारखी.

३० मे १८८९ हा तिथे युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या कबरी सजवण्याचा दिवस होता. त्या रात्री जो पाऊस लागला तो काही केल्या थांबेना. ३१ तारखेला सकाळी क्लबचे अध्यक्ष इलायस उंगर उठून पाहतात तो तळं झपाट्यानं चढत होतं. सांडव्याच्या जाळ्यांत ओंडके, फांद्या, पालापाचोळा अडकला होता. पाणी बाहेर पडायलाच जागा नव्हती. जाळ्या ओढून काढायला गेले, तर त्या कचऱ्याच्या भारानं गच्च बसलेल्या. मजुरांनी दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणायला घेतला, पण खाली कठीण जमीन लागली. काहींनी माथ्यावर मातीची भर घातली. जॉन पार्क हा क्लबचा तरुण इंजिनिअर घोड्यावरून चिखल तुडवत साउथ फोर्क गावात गेला आणि खाली तार करायला सांगून आला. तारा गेल्या, काही जॉन्सटाउनपर्यंत पोचल्याही. पण ‘धरण फुटतंय’ हे गावानं इतक्यांदा ऐकलं होतं की, ज्यांच्या हाती त्या पडल्या त्यांनी विशेष मनावर घेतलं नाही. गावात आधीच कमरेएवढं पाणी होतं. लोक माड्यांवर बसून पाऊस ओसरायची वाट पाहत होते.

दुपारी तीनच्या सुमारास माथ्याचा मधला खचलेला भाग वाहून गेला. पाहणाऱ्यांनी नंतर सांगितलं की, धरण फुटल्यासारखं वाटलंच नाही, ते सरकत निघून गेल्यासारखं वाटलं. तासाभरात अख्खं तळं रिकामं झालं. दरीतून निघालेल्या त्या पाण्यानं वाटेतली झाडं, घरं, पूल, रेल्वेची इंजिनं, डबे उचलून घेतले. खालच्या रेल्वे यार्डाजवळ जॉन हेस नावाच्या इंजिन चालकानं तो आवाज ऐकला. त्यानं इंजिनची शिट्टी दोरीनं बांधून सतत वाजती ठेवली आणि इंजिन उलटं पळवत वस्तीकडे नेलं. ती किंचाळी ऐकून पुष्कळ जण डोंगराकडे धावले आणि वाचले. त्या दिवशी खालच्या माणसांना मिळालेला खराखुरा इशारा हा एवढाच. त्याच्या पुढे, वुडव्हेल नावाच्या कामगार वस्तीला तोही मिळाला नाही. अकराशे वस्तीतली तीनशेहून अधिक माणसं तिथे गेली. तिथला काटेरी तारांचा कारखानाही पाण्यानं उचलला आणि मैलोगणती तार त्या लोंढ्यात गुंतली.

चार वाजून सात मिनिटांनी लोंढा जॉन्सटाउनवर आदळला. काही ठिकाणी त्याची उंची ३५ ते ४० फूट होती. ज्यांनी पाहिला त्यांना तो पाण्याचा वाटलाच नाही, घरांचा आणि लाकडांचा चालता डोंगर वाटला. व्हिक्टर हायझर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा वडिलांच्या सांगण्यावरून मागच्या तबेल्यातले घोडे सोडायला गेला होता. आवाज ऐकून तो तबेल्याच्या छपरावर चढला. छपरावरून त्यानं आपलं घर आईवडिलांसह चिरडलं जाताना पाहिलं. छपरासकट वाहत, उड्या मारत तो एका उभ्या राहिलेल्या घराला लागला, तेव्हा त्यानं खिशातलं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटंही झालेली नव्हती. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि कुष्ठरोगाविरुद्धच्या कामासाठी जगभर फिरला.

पाणी पुढे गेलं, पण त्यातला मलबा गावाच्या खालच्या टोकाला रेल्वेच्या दगडी पुलापाशी अडकला. काटेरी तारांनी बांधलेला तो कित्येक एकरांचा ढीग. त्यात जिवंत माणसंही होती. संध्याकाळी त्या ढिगानं पेट घेतला. पुराच्या पाण्यातून वाचलेली माणसं आगीत गेली.

मृतांचा आकडा २२०९. त्यांत ३९६ मुलं. ९९ कुटुंबं अशी की, मागे नाव सांगायला एकही माणूस उरला नाही. सातशेहून अधिक मृतांची ओळखच पटली नाही. गावावरच्या टेकडीवरच्या दफनभूमीत त्यांच्यासाठी नाव नसलेल्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. सुमारे १६०० घरं नाहीशी झाली.

मदत मात्र धावून आली. अमेरिकेभरातून आणि बाहेरच्या देशांतूनही पैसा, कपडे, लाकूड, धान्य आलं. अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना करणाऱ्या क्लारा बार्टन वयाच्या ६७व्या वर्षी आपली पथकं घेऊन आल्या आणि पाच महिने तिथून हलल्या नाहीत. त्यांची ती संस्था आणि तो क्लब, दोन्ही १८८१ साली सुरू झाले होते.

मग प्रश्न आला जबाबदारीचा. वर्तमानपत्रांनी क्लबवर झोड उठवली. क्लबचे सभासद मात्र बहुतांशी गप्प राहिले. काहींनी मदतनिधीला देणग्या दिल्या. कार्नेगींनी गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं. त्याच इमारतीत आज त्या पुराचं संग्रहालय आहे. पण देणगी वेगळी आणि भरपाई वेगळी. देणगीत देणारा मोठा होतो, भरपाईत त्याला मान खाली घालावी लागते. लोकांनी दावे लावले. क्लबच्या नावावर त्या धरणाखेरीज फारसं काही नव्हतं, आणि सभासदांवर व्यक्तिशः दोष सिद्ध होईना. क्लबचे वकील होते सभासद असलेल्या नॉक्स यांच्याच कार्यालयातले. एवढा पाऊस म्हणजे देवाची करणी, त्याला माणूस काय करणार, हा मुद्दा चालला. कुणालाही एक डॉलर भरपाई मिळाली नाही.

अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेनं चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १८९०च्या जानेवारीत तयार होता, पण तो प्रसिद्ध झाला १८९१ साली. त्यात बदल झाल्याचं मान्य केलं होतं, पण निष्कर्ष असा होता की, धरण मूळ रूपात असतं तरी त्या पावसात पाणी माथ्यावरून गेलंच असतं. म्हणजे पुन्हा आभाळाकडेच बोट. सव्वाशे वर्षं हे तसंच राहिलं. मग पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्सटाउन इथल्या संशोधकांनी त्या जागेची नव्यानं मोजणी केली, पाण्याचा हिशेब नव्यानं मांडला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की, माथा उतरवल्यामुळे धरणाची पाणी बाहेर टाकण्याची ताकद साधारण निम्मी झाली होती. मूळ उंची कायम असती तर ते धरण त्या वादळात टिकलं असतं. गेलेल्या २२०९ जणांना याचा काही उपयोग नाही. पण घोडागाड्यांच्या सोयीचा दोष देवाच्या माथी मारला गेला होता, तो तरी उतरला.

कायद्याच्या जगात मात्र या पुराचे पडसाद उमटले. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्याचा निकाल लागला होता. तो खटलाही एका तळ्याचाच. गिरणीमालकानं बांधलेल्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या जुन्या वाटांनी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. तिथल्या न्यायालयानं सांगितलं की, निसटली तर दुसऱ्याचं नुकसान करील अशी वस्तू जो स्वतःच्या कामासाठी आपल्या जमिनीवर आणून साठवतो, ती सांभाळण्याची जोखीम त्याचीच. त्याची चूक दाखवून देण्याची गरज नाही. जॉन्सटाउननंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हे तत्त्व मानायला सुरुवात केली. त्यातही देवाच्या करणीची सवलत होतीच. आपल्याकडे १९८५ साली दिल्लीत एका कारखान्यातून वायुगळती झाली. त्या प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठानं पुढच्या वर्षी या इंग्रजी तत्त्वाचा विचार करून त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. घातक उद्योग करणाऱ्याला कसलीच सवलत नाही, देवाच्या करणीचीही नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. तो निकाल धरणांविषयी नव्हता. पण त्याची वंशावळ पाहत गेलं तर मुळाशी एक तळंच सापडतं.

आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडलेला शब्द म्हणजे ‘अमानत’. कुणाची तरी वस्तू आपल्याकडे ठेवलेली असते, ती जशीच्या तशी सांभाळायची. ती वापरता येईल, पण तिच्यावर मालकी सांगता येत नाही. मराठीत हाच शब्द ‘अनामत’ होऊन आला आणि घरभाड्याच्या पावतीत, निवडणुकीच्या अर्जात जाऊन बसला. उंचावर साठवलेलं पाणी मला तशी अनामत वाटतं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, खाली जी वस्ती आहे तिचा जीव त्या पाण्यात ठेवलेला असतो. साउथ फोर्कच्या क्लबकडे जमिनीचा कागद होता. खालची तीस हजार माणसं कुठल्याही कागदावर नव्हती.

हे सगळं सात समुद्रांपलीकडचं आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं. पुण्यातल्या वडीलधाऱ्यांना १२ जुलै १९६१ची सकाळ विचारा. पानशेतचं मातीचं धरण, काम पूर्ण व्हायच्या आतच पाण्यानं भरलेलं, त्या दिवशी फुटलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फोडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अगदी अलीकडची गोष्ट हवी असेल तर २ जुलै २०१९ची रात्र आठवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला. जॉन्सटाउनमध्ये देव होता, तिवऱ्याला खेकडे होते.

२०२१ साली आपल्या देशात धरण सुरक्षा कायदा झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो लागू आहे पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरच्या दरम्यानच्या ठरावीक निकषांत बसणाऱ्यांना. त्याहून लहान असलेली गावोगावची तळी, १९७२च्या दुष्काळापासून लोकांच्या घामातून उभे राहिलेले पाझर तलाव, त्या कायद्याच्या यादीत येत नाहीत. त्यांतल्या काहींच्या काठावर आता हॉटेलं आहेत, बोटी आहेत, शनिवार-रविवारची गर्दी आहे. त्यात वाईट काही नाही. पाणी पाहून माणसाचं मन निवतं, आणि तळ्याकाठी बसायला गरिबालाही आवडतं, श्रीमंतालाही. पण तळ्याकाठी जाणाऱ्यानं पाण्याबरोबर सांडवाही पाहावा. त्यात झुडपं वाढली आहेत का, कुणी जाळी किंवा बांध घातला आहे का, माथ्यावरून गाड्या जाऊन मधे खोलगट झालं आहे का, पायथ्याशी कुठे गढूळ पाणी पाझरतंय का. एवढं पाहायला डोळे पुरतात. खटकलं तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज दिला म्हणजे काम झालं असं नाही, फुल्टनचा अहवाल आपण पाहिलाच. म्हणून एकदा देऊन थांबू नये. मॉरेल गेल्यावर विचारणारं कुणी उरलं नाही, तसं आपल्या गावात होऊ देऊ नये.

साउथ फोर्कला आता तळं नाही. धरणाची दोन टोकं तेवढी उभी आहेत, मधलं भगदाड तसंच आहे. १९६४ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आली. तळ्याच्या तळाशी आता एक गाव वसलं आहे, आणि जिथे नावा फिरत होत्या तिथून आगगाडीचे रूळ जातात. सरकारी माणसं ती जागा फार काळजीनं सांभाळतात. गवत कापलेलं असतं, फलक लावलेले असतात. धरण शाबूत होतं तेव्हा त्याला असा एकही राखणदार मिळाला नव्हता.